ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पाच फुटी रीफ टँक: पहिल्या फोनपासून शेवटच्या माशापर्यंत

पाच फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायची काचेची टाकी, करायचा असं एकदा घरात ठरलं की पहिला फोन टँक बनवणाऱ्याला करायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला करायचा. का ते सांगते. ५ बाय २ बाय २ फूट म्हणजे साधारण १५० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर, म्हणजे ५४० लिटर. खारं पाणी गोड्यापेक्षा जड, त्यामुळे साडेपाचशे किलो तर नुसतं पाणीच. १२ एमएमची काच धरली तर तिचेच शंभर किलो, मग रॉक, वाळू, खाली लोखंडी स्टँड, त्यात संप (टँकमधलं पाणी जिथे उतरतं ती खालची फिल्टरची टाकी) आणि संपातलं पाणी, असं करत करत आकडा एक टनाच्या आसपास जातो आणि हे सगळं उभं राहतं जेमतेम दहा चौरस फुटांत. राहत्या घराचा स्लॅब आपल्याकडे साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. म्हणून टँक ठेवताच येत नाही असं अजिबात नाही, आमचा चौथ्या मजल्यावर आहे, पण तो बीमच्या वर, कॉलमच्या जवळ, भिंतीला समांतर आणि चिकटून हवा. हॉलच्या मधोमध नको आणि बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर नकोच नको. बीम कुठून गेलाय हे सोसायटीच्या ड्रॉइंगवर कळतं, इंजिनियर येऊन अर्ध्या तासात सांगतो, त्याची फी या सगळ्या खर्चात काहीच नाही.

आता पैशाबद्दल एकदाच सांगते. या छंदात नवीन माणूस आधी मासे बघतो, मग लाइट बघतो, आणि चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), आरओडीआय (पाणी पूर्ण शुद्ध करणारं युनिट), बॅटरी बॅकअप हे "नंतर बघू" मध्ये टाकतो. उलट करा. हॉलमध्ये बसल्यावर जे दिसत नाही त्याला आधी पैसे काढून ठेवा. बजेट कमी पडत असेल तर टँक चार फुटी करा, पण चिलर आणि बॅकअप कापू नका. माझ्याकडे जे मेलं ते सगळं या न दिसणाऱ्या गोष्टींत कसर केल्यामुळे मेलं.

स्टँड, काच, पाइप

स्टँड दोन इंची एमएस चौकोनी पाइपचा, वेल्डिंग झाल्यावर पावडर कोटिंग करून घ्यायचा, कारण मिठाच्या पाण्याचा थेंब जिथे लागेल तिथे गंज धरतो आणि मुंबई-ठाण्याच्या हवेत तो थांबत नाही. वर ७१० ग्रेडचं मरीन प्लाय, त्यावर फोमची किंवा थर्माकोलची शीट आणि मग टँक. लेव्हल चारही बाजूंनी बघा. मी गवंडी वापरतात तो पाण्याचा लेव्हल पाइप मागवला होता, स्पिरिट लेव्हलपेक्षा पाच फुटांवर तो जास्त खात्रीचा. २ फूट उंचीला १२ एमएम काच वरच्या कडेला पट्ट्या लावून चालते, उघड्या कडेचा हवा असेल तर १५ एमएम घ्या. सिलिकॉन वाळायला आठवडाभर द्या आणि घरात आणायच्या आधी टँकवाल्याकडेच पूर्ण भरून दोन-तीन दिवस ठेवायला सांगा. कंटाळा करतात, पण सांगायचं.

मागच्या काचेला ओव्हरफ्लो आणि तीन ड्रेन पाइप करून घ्या. एक पूर्ण भरून वाहणारा, ज्याच्यावर गेट व्हॉल्व्ह असतो, एक उघडा ज्यातून थोडंसंच पाणी जातं, आणि तिसरा कोरडा, पहिले दोन चोंदले तर वाचवणारा. हा प्रकार शांत चालतो, हॉलमध्ये टीव्ही बघताना खळखळ येत नाही, आणि एखाद दिवशी गोगलगाय पाइपात जाऊन बसली तरी पाणी जमिनीवर येत नाही. ड्रेन दीड इंची, रिटर्न, म्हणजे संपातून पाणी परत वर नेणारा पाइप, एक इंची, यूपीव्हीसी.

संप ९० बाय ४५ बाय ४० सेंटिमीटरचा असला तरी तो अर्धाच भरायचा. वीज गेली की रिटर्नच्या नोझलपर्यंतचं वरचं पाणी खाली येतं. नोझल अडीच सेंटिमीटर बुडलेला असेल तर एवढ्या टँकमधून तेवढंच २२ लिटर, शिवाय ओव्हरफ्लो आणि पाइपातलं वेगळं. म्हणून रिटर्न पाइपला पाण्याच्या रेषेशी छोटं भोक पाडतात, पाणी खाली गेलं की त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पण या भोकात शेवाळ भरतं! दर पंधरा दिवसांनी टूथपिकने साफ करायचं, आणि महिन्यातून एकदा स्वतः पंप बंद करून उभं राहून बघायचं की संप कुठपर्यंत भरतो.

प्लगच्या बाबतीत, टँकची लाइन वेगळी, त्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून घेतलेलं, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर आणलेली, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. घरात लहान मूल असेल तर हे सगळ्यात आधी.

गर्मी

रीफला २५ ते २७ डिग्री पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद घरातलं पाणी ३२-३३ ला जातं, वर पंप आणि लाइट स्वतःची उष्णता टाकतातच. पुण्या-नाशिककडे हवा कोरडी असते तिथे उन्हाळ्यात पाण्यावर फॅन लावून दोन-तीन डिग्री सहज उतरतात, बाष्पीभवनामुळे. ठाण्या-मुंबईला, कोकणात, गोव्यात दमटपणा एवढा की फॅन फार काही करत नाही, आणि पावसाळ्यात तर जवळजवळ काहीच नाही. किनाऱ्याकडे चिलर लागतोच. एवढ्या पाण्याला १/३ एचपी किमान, घर पश्चिमेकडचं तापणारं असेल तर १/२.

आणि चिलर कुठे ठेवताय ते बघा. मी पहिल्या वर्षी स्टँडच्या कपाटात ठेवून दार लावलं, कारण बाहेर दिसायला नको वाटत होतं. चिलर जी उष्णता पाण्यातून काढतो ती तो हवेत टाकतो, आणि बंद कपाटात तीच गरम हवा परत ओढतो. मे महिन्यात चार दिवस गावाला गेले होते, तो तापून ट्रिप झाला. परत आले तेव्हा पाणी ३३ डिग्री, मासे वर येऊन तोंड उघडत होते, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो म्हणून. नऊपैकी पाच गेले, त्यात हातून खाणारा टँग होता. अजून वाईट वाटतं. आता चिलर बाहेर युटिलिटीत आहे, भिंतीला भोक पाडून पाइप नेलेत, आणि तापमान २८ च्या वर गेलं की मोबाइलवर मेसेज येतो.

वीज गेल्यावर चिलर घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही, चालवायचा प्रयत्नही करू नका. पाणी हलतं ठेवणं महत्त्वाचं, ते थांबलं की काही तासांत मासे गुदमरू शकतात, पण तापमान एवढ्या मोठ्या पाण्यात हळूहळू चढतं. ६० वॉटचा डीसी रिटर्न पंप आणि २०-२० वॉटचे दोन वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारे पंप) म्हणजे १०० वॉट, १५० एएचच्या बॅटरीवर हे आठ-दहा तास निघतं, फक्त त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे लावायचे नाहीत. शिवाय बॅटरीवर चालणारा एक एअर पंप खणात ठेवा.

बिलाचा अंदाज पण देते. मे महिन्यात चिलर ३५० वॉट, दिवसातून दहा तास म्हणजे साडेतीन युनिट, लाइट २०० वॉट नऊ तास म्हणजे पावणेदोन, पंप आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) मिळून साडेतीन. दिवसाला नऊ युनिटच्या आसपास, महिन्याला २७०. डिसेंबरात चिलर फारसा चालत नाही तेव्हा बरंच कमी येतं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

पाणी

स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही. त्यात चवीसाठी मिनरल परत मिसळतात किंवा टीडीएस कंट्रोलर असतो. आपल्याला हवं शून्य टीडीएस, म्हणजे सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर रेझिन भराभर संपतं, मीटर रोज बघा, शून्याचा एक-दोन झाला की बदला. आमच्याकडे प्रेशर कमी म्हणून बूस्टर पंप लावला. १०० गॅलनचं युनिट कागदावर दिवसाला ३८० लिटर देतं, प्रत्यक्षात पूर्ण टँक आणि संप भरायला, म्हणजे साधारण ५६० लिटर, तीन-चार दिवस गेले. जेवढं शुद्ध येतं त्याच्या दोन-तीन पट पाणी बाहेर पडतं, ते ड्रममध्ये धरून लादी पुसायला आणि संडासात वापरा, पाणीटंचाईच्या शहरात ते गटारात सोडणं बरं वाटत नाही.

किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणू का असं बरेच जण विचारतात. मुंबईजवळच्या पाण्यात सांडपाणी येतं, आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा खाली जातो. मीठ मिसळूनच करा. रेड सी, ट्रॉपिक मरीन, इन्स्टंट ओशन, यातलं कुठलंही चालतं, एकदा घेतलं की तेच ठेवा. पहिल्या भरणीला २१-२२ किलो लागेल. आधी पाणी, मग मीठ, कधीच उलट नाही, नाहीतर कॅल्शियम खाली पांढरं बसतं. चोवीस तास पंपाने फिरवा. खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे सापेक्ष घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं साधन, ३५ च्या कॅलिब्रेशन सोल्युशनने जुळवा, नुसत्या आरओ पाण्याने शून्यावर जुळवला तरी तो ३५ ला चुकीचं दाखवू शकतो.

उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर उडतं, म्हणून रोजचा टॉप-अप साध्या आरओडीआयचा, मिठाच्या पाण्याचा नाही. सेन्सरवाला ऑटो टॉप-अप पहिल्या महिन्यातच लावा. त्याची पाण्याची टाकी २५ लिटरपेक्षा मोठी ठेवू नका, सेन्सर अडकला तर तेवढंच गोडं पाणी आत जाईल.

रॉक, वाळू आणि वाट बघणं

रॉक कोरडाच घ्या, ४०-५० किलो. जिवंत रॉक समुद्रातून आणायचा नाही, कोणी आणून देतो म्हणाला तरी नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या पाण्यात कोरल आहे, आपल्या मुंबईत वरळी-हाजीअलीच्या खडकांवरसुद्धा आहे, कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी ते उचलून दुसरीकडे लावावं लागलं होतं. एक फुटलेला दगड म्हणजे त्यावरची कित्येक वर्षांची वाढ गेली.

आधी रॉक काचेवर टेकवा, मग वाळू ओता, कारण गोबीसारखे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर उभा केलेला रॉक एक दिवस काचेवर येतो. इपॉक्सीने सांधे पक्के करा. काचेपासून चारी बाजूंनी आठ सेंटिमीटर मोकळे, चुंबकाचा ब्रश फिरायला. भिंतीसारखा ढीग न करता दोन बेटं करा, मधून पाणी वाहू दे, गुहा राहू दे. वाळू अरागोनाइट, एक-दोन एमएमची, साडेतीन सेंटिमीटर थर, त्याला ४५ किलो लागते.

मग सायकल. ५६० लिटरमध्ये साडेतीन ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया दोन पीपीएमच्या आसपास येतो, बाटलीतले बॅक्टेरिया टाका, लाइट बंद, पंप चालू. बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ज्या दिवशी दोन पीपीएम अमोनिया टाकून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील त्या दिवशी सायकल झाली. चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार म्हणेल दोन डॅमसेल टाका, लवकर होईल. नका टाकू, एक तर त्या माशांना जळजळत्या पाण्यात ठेवणं, आणि वाचले तर तेच पुढे टँकचे दादा होतात, नवीन कोणाला जगू देत नाहीत.

नंतरचे तीन महिने टँक वाईट दिसतो. आधी तपकिरी थर, मग हिरवे केस, कधी लालसर चादर. पाहुणे विचारतात पाणी बदलत नाही का. हे सगळ्यांकडे येतं आणि जातं, औषधं ओतू नका. शेवाळ दिसल्यावर टर्बो गोगलगायी आणा, आधी आणल्या तर उपाशी मरतात. आणि नायट्रेट, फॉस्फेट शून्य करायच्या मागे लागू नका. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ एवढं असू दे, दोन्ही शून्य झाले की डायनो नावाची चिकट बुडबुडेवाली घाण येते आणि ती सगळ्यात चिवट.

कोरल घ्यायच्या आधी कायदा

हे नीट वाचा. रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या ओळीत. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टीपोरा, हॅमर, फ्रॉगस्पॉन, ब्रेन, गोनीओपोरा, सगळी त्यात आली. सी फॅन, काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप पण. सी हॉर्स पण, समुद्रकाकड्या पण, मोठ्या शिंपल्यांतले मॅक्सिमा आणि स्क्वामोसा पण. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. दुकानात मांडून ठेवलंय म्हणजे चालतं असं नाही, आणि "बाहेरचा फ्रॅग (वाढवायला कापलेला कोरलचा तुकडा) आहे" हे तोंडी सांगणं म्हणजे कागद नाही. परदेशातले व्हिडिओ बघून आपण यादी करतो आणि इथे येऊन फसतो.

म्हणून माझा टँक पूर्ण सॉफ्ट कोरलचा आहे, आणि खरं सांगते, पाण्याच्या प्रवाहात हलणारा पाच फुटी सॉफ्ट कोरलचा टँक बघितला की मला दुसऱ्या कशाची कमी वाटत नाही. मशरूम, झोअँथिड, लेदर, केनिया ट्री, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, यातलं काहीही त्या कठीण कोरलच्या यादीत नाही. तरी बिल घ्या आणि समुद्रातून तोडलेल्यापेक्षा कोणाच्या तरी टँकमध्ये वाढलेला फ्रॅग मागा.

ग्रीन स्टार आणि झेनिया वेगळ्या बेटावर लावा, नाहीतर वर्षात सगळा रॉक व्यापतात. लेदर अधूनमधून आठवडाभर मिटून मेणासारखी कात टाकतं, घाबरू नका. वेगवेगळी सॉफ्ट कोरल पाण्यात रसायनं सोडून एकमेकांशी भांडतात, म्हणून संपात अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवा, महिन्याला बदला. लाइट सुरुवातीला ३० टक्के आणि आठ तास, मग महिनाभरात हळूहळू वाढवा. यांना ५० ते १५० पार (कोरलपर्यंत पोचणाऱ्या उपयोगी प्रकाशाचं माप) पुरतो, त्यामुळे सगळ्यात महाग लाइट लागतच नाही. अल्कलिनिटी ८-९, कॅल्शियम ४२० च्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या थोडं वर, आणि नुसत्या सॉफ्ट कोरलला हे आठवड्याच्या वॉटर चेंजमध्ये भागतं, डोसिंग पंप नको.

झोअँथिडबद्दल एक गंभीर गोष्ट. यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, त्यांचा दगड ब्रशने घासू नका, आणि गरम पाण्यात किंवा उकळत्या पाण्यात कधीच टाकू नका, वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातले सगळे हॉस्पिटलमध्ये पोचू शकतात.

मासे

दहा-बारा मासे, वर्षभरात. सहाव्या-आठव्या आठवड्यात क्लाउनफिशची जोडी. एक मोठा, एक लहान घ्या, मोठी ती मादी होते आणि भांडण टळतं. क्लाउन टँकमध्ये जन्मलेलेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन भारतात केलंय, आपल्या ऐरोलीला पण क्लाउनफिशची हॅचरी झाली, मग समुद्रातून पकडलेला कशाला. बांगाई कार्डिनल पण टँकमध्ये वाढलेले मिळतात. मग तीन आठवड्यांनी वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्टल श्रिंप. श्रिंपला दिसत नाही धड, ती बीळ खणते आणि गोबी दारात पहारा देतो, तिची मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते. मुलं तासन् तास बघत बसतात. मग फायरफिश, त्यासाठी वर जाळी हवी, उडी मारतो. क्लीनर श्रिंप. लॉनमोअर ब्लेनी. टँग सगळ्यात शेवटी, पाच-सहा महिन्यांनी, आणि पाच फुटांत कोले टँगसारखा लहान प्रकार. निळा टँग फुटाएवढा वाढतो, तो नको. मँडरिन सुंदर असतो पण दिवसभर कोपेपॉड (पाण्यातले बारीक जीव) टिपतो, नवीन टँकमध्ये हळूहळू उपाशी मरतो, वर्ष होऊ दे. अ‍ॅनिमोन पण वर्षानंतरच, ते चालत जातं आणि वेव्हमेकरमध्ये सापडलं की सगळं पाणी नासतं.

प्रत्येक मासा आधी वेगळ्या ६०-८० लिटरच्या क्वारंटाइनमध्ये चार आठवडे. पांढरे ठिपके, म्हणजे मरीन इच, मोठ्या टँकमध्ये शिरला तर तांब्याचं औषध तिथे टाकता येत नाही, श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळं मरतं. मग सगळे मासे पकडून बाहेर काढायचे आणि टँक ७६ दिवस बिनमाशाचा ठेवायचा. रॉकमध्ये लपलेला एक गोबी पकडायला मला दोन रविवार लागले होते.

गावाला जाताना

रविवारचा वॉटर चेंज ५५ लिटर, त्याला दोन किलो मीठ लागतं, फिल्टर सॉक धुवायचे, स्किमरचा कप, काच. दीड तास. ते जमतं. खरी परीक्षा घर बंद करून जाताना असते. निघायच्या आदल्या दिवशी नवीन मासा नाही, नवीन पंप नाही, काहीही नवीन नाही. शेजारच्या काकूंना मी औषधाच्या गोळ्यांची आठवड्याची डबी देते, प्रत्येक वाराच्या कप्प्यात त्या दिवसाचं खाणं मोजून, आणि मुख्य डबा कपाटात लपवून ठेवते, कारण प्रेमाने जास्त घालतात. दारामागे एक मोठ्या अक्षरातला कागद लावलाय: थर्मामीटरवर २८ च्या वर दिसलं तर मला फोन करा, लाइट बंद करा, खिडकी उघडा, टेबल फॅन चालू करा, फ्रीजरमधल्या गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या एकावेळी एकच संपात ठेवा. आरसीसीबी पडला तर आधी जमिनीवर पाणी आहे का बघा, ओल्या लादीवर पाय ठेवून बटण वर करू नका. खाली आमचे दोन्ही नंबर आणि इलेक्ट्रिशियनचा. गेल्या मे महिन्यात काकूंनी हाच कागद वाचून दोन बाटल्या बदलल्या, आम्ही परतलो तेव्हा पाणी २७ वर होतं.